भागतं कसं, आणि भागतं कोण?

मागच्या महिन्यात आईने मला एक रील पाठवलं. तिच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, तिने ते पुढे ढकललं. नीटनेटका मुलगा, मागे पांढरा सोफा, हातात कॉफीचा मग. पगाराचे तीन भाग करा, असं तो सांगत होता. पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के गुंतवणूक. खाली आईचा व्हॉइस मेसेज होता आणि त्यात मागे कुकरची शिट्टी. "अगं, त्याच्या पन्नासच्या डब्यातच आपले शंभर जातात. मग बाकीच्या दोन डब्यांत काय ठेवायचं, विचार त्याला."

मी मेट्रोत होते. मोठ्याने हसले. शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत राहतो, चौघं, एका वन-आरकेमध्ये. बाबा पवईच्या एका टॉवरला सिक्युरिटीत आहेत, बारा तासांची ड्युटी, सोळा हजार. मी अंधेरीच्या एका बॅक-ऑफिसात, हातात सत्तावीस. धाकटा डिप्लोमाला. त्रेचाळीस हजारांतले पंधरा भाड्याचे. अकरा महिन्यांपूर्वी ते साडेतेरा होते, आणि पुढचा करार व्हायला आला की मालक 'बघा, मार्केट काय चाललंय' म्हणून फोन करणार, हे आम्हाला पाठ आहे. एवढ्यात कसं होतं, असं नातेवाइकांनी विचारलं की आई एकच उत्तर देते. "भागतं हो."

हा शब्द मला अलीकडे फार खटकतो. मराठीत भागणं म्हणजे पुरणं, निभावणं. आणि भागणं म्हणजे दमणंसुद्धा. थकला-भागला म्हणतो ना आपण, त्यातलं. आमच्या घरात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत. पैसे भागतात, कारण त्या पैशांसाठी एक माणूस भागतं. आणि या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलायचं सोडून आपण सगळे पहिल्या अर्थाचं कौतुक करत बसलो आहोत. 'मुंबईकर कसं ॲडजस्ट करतो', 'गृहिणीचं बजेट-कौशल्य', 'आपल्या आयांकडून शिका मनी मॅनेजमेंट'. मला या कौतुकाचा राग आहे, आणि हा लेख त्या रागातून लिहिलेला आहे.

आईची एक वही आहे. शाळेची, दोनशे पानी, मागच्या बाजूने सुरू केलेली. तिच्यात खर्च असतो. मी ती गेल्या दोन वर्षांची बसून वाचली. खर्च वाचता वाचता मला दिसायला लागलं ते वहीत नसलेलं. आधी फळं गेली. मग पेपर बंद झाला, कारण 'मोबाइलवर येतोच की'. मग दुधाची दुसरी पिशवी. तूरडाळीच्या आमटीत मसूर मिसळायला लागली. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो दीडशेच्या पलीकडे गेला तेव्हा वहीत पाच आठवडे टोमॅटोच नाही, त्या जागी चिंच. मासळी बुधवारी आणि रविवारी असायची, ती फक्त रविवारी उरली, आणि आता सुरमईच्या जागी बांगडा. इथपर्यंत ठीक आहे, असं तुम्ही म्हणाल. सगळे करतात.

पण फेब्रुवारीत एका पानावर पेन्सिलने लिहिलंय: 'दाढ — ६५००'. पुढे काही नाही. गल्लीतल्या डॉक्टरने रूट कॅनाल आणि कॅपचा तो आकडा सांगितला होता. तो खर्च झालाच नाही, म्हणून पेनाने लिहिला नाही. दीड वर्ष आई एका बाजूने चावते. भाकरी दुधात कुस्करून खाते, आणि विचारलं तर म्हणते की मला आवडते तशी. दुपारी घरात ती एकटी असते तेव्हा सकाळच्या पोळीचा तुकडा आणि चहा, हे तिचं जेवण. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं.

आता मला सांगा, या घराने महागाईशी कसं जुळवून घेतलं? साडेसहा हजार वाचवले असं म्हणायचं का? काही वाचलेलं नाही. रुपयांत द्यायचं बिल दातात दिलं गेलं, एवढंच. आणि दातात दिलेल्या बिलाची पावती मिळत नाही, त्यामुळे ते कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

वेळेचंही तसंच. स्वस्त भाजीसाठी आई रात्री नऊनंतर स्टेशनजवळ जाते, तेव्हा गाडीवाले उरलेलं काढून टाकतात. जाऊन-येऊन तास जातो आणि वीस-पंचवीस रुपये कमी पडतात. तयार पीठ परवडत नाही म्हणून दळण, वाटण घरी, मशीन बिघडलं म्हणून तीन महिने कपडे हाताने. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. यातला पुरुषांचा आकडा फक्त 'करणाऱ्यांचा' आहे, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. महागाई वाढली की घराबाहेरून विकत आणलेलं काम परत घरात येतं, आणि ते २८९ वाल्या माणसाच्या अंगावर पडतं. आमच्या घरात ८८ मिनिटांवर कुणीही नाही. मीसुद्धा नाही, हे लिहून टाकते.

इथे कुणीतरी हुशार वाचक म्हणेल की महागाई तर कमी झाली आहे. बरोबर. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता, २०१२ ला पाया धरून मोजल्या जाणाऱ्या त्या मालिकेतला सगळ्यांत कमी. बातमी आली तेव्हा ऑफिसात एकाने ती वाचून दाखवली आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

तो आकडा खोटा नाही. तो काय मोजतो ते फक्त समजून घ्यायला हवं. दर कमी होणं म्हणजे वर्षभरात भाव फारसे वाढले नाहीत. आधीच्या चार-पाच वर्षांत चढलेली पायरी उतरून खाली आलो, असं तो म्हणत नाही. त्यातून त्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं, घरभाड्याचं देशभर मिळून जेमतेम १० टक्के. शहरांपुरतं पाहिलं तर सुमारे २२. आमच्या घरात भाडं ३५ टक्के आहे. भाज्या कोसळल्या की देशाचा आकडा कोसळतो, आणि भटवाडीतली माझी आई त्याच महिन्यात वाढलेल्या भाड्याचे पैसे मोजत असते. दोघंही खरं बोलत असतात.

आणि २०२५ मध्ये या शहरात काय काय झालं ते बघा. १ फेब्रुवारीपासून रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये. एप्रिलमध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढून मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे. मार्च २०२३ मध्ये तो अकराशेच्या वर होता, म्हणून हा आपल्याला स्वस्त वाटतो. अशी सवय लावून घेणं हाही जुळवून घेण्याचाच प्रकार. ९ मेपासून बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. दुप्पट. स्टेशनपर्यंत बसने जाणाऱ्या घरातल्या तिघांचं रोजचं गणित करून पाहा. आमच्याकडे त्याचं उत्तर सोपं निघालं. आई चालायला लागली. तिने ते 'वॉकिंग' म्हणून ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यांनी अंगठे दिले.

माझी आजी, आईची आई, गोरेगावला राहायची. तिच्या बोलण्यात दुष्काळाचा विषय निघाला की एक शब्द यायचा, 'मिलो'. १९७२ चा दुष्काळ, रेशनवर मिळणारी अमेरिकेची लालसर ज्वारी, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. तेलासाठी रांग, रॉकेलसाठी रांग, साखरेसाठी रांग. पुढच्या वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले आणि १९७४ मध्ये देशातली महागाई २५ टक्क्यांच्या पुढे गेली. त्या काळात घरखर्च भागवणं आजच्यापेक्षा सोपं होतं असं कुणी म्हणू नये.

पण त्या बायकांनी एक वेगळी गोष्ट केली. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती नावाची एक समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, भाकपच्या तारा रेड्डी, एरवी एकमेकींच्या पक्षांशी भांडणाऱ्या बायका तिथे एकत्र होत्या. मृणालताई गोरेगावच्याच, नगरसेविका असताना पाण्यासाठी केलेल्या भांडणांमुळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. या समितीने लाटणे मोर्चे काढले. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मंत्र्यांना घेराव घातले. ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवल्या. आजी सांगायची की ती खिडकीतूनच वाजवायची, कारण आजोबांना मोर्चे आवडत नसत, पण थाळीचा आवाज कुणाच्या घरातून आला हे कुणाला कळतंय.

(पन्नासेक वर्षांनी, २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता, याच उपनगरांतल्या खिडक्यांमधून परत थाळ्या वाजल्या. त्या वेळी आभार मानायला. मीही वाजवली होती. थाळी तीच असते, आपण ती कशासाठी वाजवतो एवढंच बदलतं.)

मला त्या मोर्चांचं देव्हाऱ्यात बसवून कौतुक करायचं नाही. त्यात आलेल्या बहुतेकींचं म्हणणं 'आम्हाला नीट संसार करू द्या' इतकंच होतं. संसार फक्त बाईनेच का करायचा, हा प्रश्न त्या लाटण्याने विचारला नाही. मोर्चा संपला की आजी घरी येऊन सात जणांचा स्वयंपाक करायची. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली, पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली आणि ते सगळं विस्कटलं. हे सगळं मान्य. तरीही त्या बायकांनी प्रश्न ज्या बाजूला वळवला, ती बाजू मला महत्त्वाची वाटते. तेल महाग झालं तर कमी तेलात भाजी कशी करायची, हे त्यांना ठाऊक होतंच, ते शिकवायला त्यांना कुणाची गरज नव्हती. त्या विचारत होत्या की आम्ही कमी तेलात भाजी का करायची? आणि हा प्रश्न त्या स्वतःच्या वहीला विचारत नव्हत्या, मंत्रालयाला विचारत होत्या.

दुसरं उदाहरण कमी गाजावाजाचं आहे आणि म्हणूनच मला जास्त आवडतं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी, आणि हो, आपले गीतरामायणवाले सुधीर फडके, हे सुरुवातीच्या मंडळींत. कल्पना साधी होती. आसपासची काही कुटुंबं गट करून महिन्याची यादी एकत्र देणार, पंचायत माल ठोकात घेणार, तो एका घरी उतरणार आणि सगळे मिळून वाटून घेणार. दुकानदाराचा नफा नाही, भेसळ नाही, उधारी नाही. पार्ल्यात त्यांचं ग्राहक भवन आहे आणि हे काम अजून चालतं. त्याही आधी, १९४८ मध्ये, नायगावच्या कामगारांनी आपलं सहकारी दुकान काढलं होतं, ज्याचं पुढे अपना बाजार झालं. आणि १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत. म्हणजे या शहरात लाटण्याने मोर्चाही काढला आणि पगारही मिळवला. आज त्याच लाटण्याने आपण फक्त पोळ्या पातळ करतो आहोत.

मग हे का आटलं? 'आजची पिढी स्वार्थी' हे उत्तर मला कुणी देऊ नका, ते आळशी उत्तर आहे. मला वाटतं, रांग गेली म्हणून आटलं.

१९७३ मध्ये चाळीतली आणि ब्लॉकमधली बाई एकाच रेशनच्या रांगेत होती. रांग वाईटच होती, पण त्या रांगेत ओळखी होत, भाव कळत, दुकानदाराने माल कुठे वळवला ते कळे, आणि संध्याकाळचा मोर्चाही तिथेच ठरे. १९९७ मध्ये रेशन 'लक्ष्यित' झालं. १९९९ पासून महाराष्ट्रात कार्डांना रंग आले: पिवळं, केशरी, पांढरं. ज्याला खरी गरज त्यालाच द्यायचं, हे ऐकायला किती न्याय्य वाटतं. पण त्या रंगांनी एका रांगेतल्या बायकांना तीन प्रकारांत वाटून टाकलं. पुढे अन्नसुरक्षा कायदा लागू करताना शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार ठरली. महिन्याला पाच हजारही नाहीत. मुंबईत पाच हजारात कुटुंब चालवणारा माणूस कुठे राहतो, ते मला कुणी दाखवावं. आमचं कार्ड पांढरं आहे. ते आम्ही पत्त्याचा पुरावा म्हणून वापरतो.

मग फोन आला. आता आमच्या मजल्यावर आठ खोल्या आहेत आणि आठही घरं वेगवेगळ्या ॲपवर, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या सवलतीत तोच साबण मागवतात. शेजारच्या काकूंना तेलाचा डबा किती रुपयांना पडला हे आईला माहीत नसतं. दहा मिनिटांत माल दारात येतो, आणि त्या दहा मिनिटांत कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. भाव वाढले तरी बोंब मारायला दुकानदारही समोर नाही. पाकीट दहा रुपयांचंच राहतं, आतली बिस्किटं कमी होतात. वजन वाचायला आईला चष्मा लागतो आणि चष्म्याचा नंबर वाढलाय, तोही वहीत पेन्सिलने आहे.

भिशीचंच घ्या. आईच्या भिशीत बारा जणी आहेत. महिन्याला हजार टाकायचे, एकीला बारा मिळतात. आमच्या वयाचे लोक तिला हसतात, कारण व्याज नाही. पण गेल्या वर्षी एकीच्या नवऱ्याचा अपघात झाला तेव्हा बाकीच्यांनी चिठ्ठी न काढता तिला आधी दिली. माझ्या फोनमधलं झटपट कर्ज देणारं ॲप असं काही करत नाही. मी ते एकदा वापरलं, भावाच्या फीसाठी, वीस हजार. एक हप्ता चार दिवस चुकला तर ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन गेला. ते फेडायला आईची चेन बँकेत ठेवली. २०२५ मध्ये देशभर बँकांची सोनेतारण कर्जं झपाट्याने वाढली. त्याचं एक कारण सोन्याचा वाढलेला भाव, हे खरं. पण त्या वाढीतली निदान एक चेन मला ओळखीची आहे. आणि त्याआधी, २०२२-२३ मध्ये, कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली होती, अनेक दशकांतली सर्वांत कमी. वीस टक्के गुंतवायला सांगणाऱ्या त्या रीलवाल्या मुलाला हे माहीत असेल का, मला शंका आहे.

घराचा विषय तर असा आहे की त्यावर कुठलीच काटकसर चालत नाही. तेल कमी वापरता येतं, भाडं कमी वापरता येत नाही. माझ्या काकांनी बोरिवलीतली खोली सोडून विरार गाठलं. सगळे म्हणाले, शहाणा माणूस, भाड्यात सात हजार वाचले. काकांचे रोजचे सव्वादोन तास वाढले, आणि दारातला पाय आत घेताना एकदा प्लॅटफॉर्मवर पडले, हे त्या सात हजारांत कुणी धरलं नाही. मुलुंडच्या मावशीकडे उलटं झालं. त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, मोठं घर मिळालं, लिफ्ट, लॉबी, जिम. मेंटेनन्स आठशेचा सहा हजार झाला. काकांची पेन्शन आहे तेवढीच. घराची किंमत कोटीत आणि मावशी जिन्यातले दिवे बंद करत फिरते. आता ते घर विकून बदलापूरला जायचं चाललंय. कागदावर ती या खानदानातली सगळ्यांत श्रीमंत बाई आहे.

हेही कधीकाळी कुणीतरी वेगळ्या तऱ्हेने सोडवून बघितलं होतं. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि सोबतच्यांनी नागरी निवारा परिषद काढली, कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या जमिनीसाठी सरकारशी आणि कोर्टात वर्षानुवर्षं भांडले आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सहा हजारांहून अधिक घरं सामान्य माणसांसाठी उभी केली. तो कायदाच २००७ मध्ये महाराष्ट्राने रद्द केला. आज आपण स्वस्त घर म्हणजे लांबचं घर असं समजतो, जणू तो निसर्गनियम आहे.

काही जण म्हणतील की तुम्हा तरुणांना फोन हवेत, कॉफी हवी, बाहेरचं खाणं हवं, आणि वर महागाईच्या नावाने ओरड. मी महिन्यातून दोनदा बाहेर खाते. एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला आणि एकदा रात्रीची शिफ्ट असते तेव्हा वडापाव. ते बंद केलं तर वर्षाचे पाच हजार वाचतील. भाडं वर्षात अठरा हजारांनी वाढलं. कॉफीवर प्रवचन देणाऱ्यांनी एकदा ही वजाबाकी करावी.

आणि लाडकी बहीण? १५०० रुपये, जुलै २०२४ पासून. आमच्या शेजारच्या काकूंना मिळतात, आईला नाही, कारण आमचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे. काकूंच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे आले, आणि त्याला रेवडी म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पण त्यातले साडेआठशे सिलिंडरला जातात. उरलेल्या साडेसहाशेत महिनाभराचं बसचं तिकीट. म्हणजे ज्या वस्तूंचे भाव सरकार थेट ठरवू शकतं किंवा निदान अडवू शकतं, त्यांच्यावरच ते पैसे परत जातात. बहिणीला ओवाळणी देऊन भावानेच घरभाडं वाढवावं, तसं आहे हे.

या शहरात आपण अजून टिकून आहोत ते लोकलच्या सेकंड क्लासच्या पासमुळे, पालिकेच्या दवाखान्यामुळे, पालिकेच्या शाळेमुळे. यांतली एकही गोष्ट आपल्या काटकसरीने मिळालेली नाही. ती सगळ्यांची मिळून होती, म्हणून स्वस्त होती. बस दुप्पट महाग झाली तेव्हा ती गोष्ट आपल्या सगळ्यांच्या हातातून गेली आणि आपण काय केलं? शेअर रिक्षाचा ग्रुप काढला. मीच ॲडमिन आहे.

मला कुणाला मोर्चा काढायला सांगायचा हक्क नाही, मी स्वतः एकही काढलेला नाही. पण मी दोन गोष्टी केल्या. मजल्यावरच्या आठ घरांना विचारलं, तेल, तांदूळ आणि डाळ एकत्र आणायची का. चौघांनी हो म्हटलं. एका काकांनी विचारलं, यात तुला काय सुटतं? पहिल्या वेळी तांदळाच्या वाटपावरून भांडण झालं, वजनकाटा कुणाचा वापरायचा यावर. दुसऱ्या वेळी भांडणाशिवाय झालं, आणि तांदूळ वाटता वाटता असं कळलं की आठपैकी पाच घरांचा मालक एकच आहे आणि तो प्रत्येकाला 'बाकीचे सगळे वाढवून देतायत' असं सांगतो. हे आम्हाला सहा वर्षं एका मजल्यावर राहून कळलं नव्हतं. पुढच्या महिन्यात करार संपतोय आमचा. पाचही जण त्याच्याकडे एकत्र जाणार आहोत. काय होईल ते माहीत नाही. कदाचित तो पाचही जणांना काढेल.

दुसरी गोष्ट दाढेची. आईला घेऊन सरकारी दंत महाविद्यालयात गेले. पहाटेची लोकल, मग रांग, केसपेपर, मग दुसरी रांग. रांगेत आई पुढच्या बाईशी बोलायला लागली. ती भांडुपची. तिचीही दाढ दोन वर्षांची. त्यांच्या पुढची कळव्याची, तिची तीन. तिघी एकमेकींना तोंड उघडून दाखवत होत्या आणि हसत होत्या, आणि मी फोन खिशात ठेवून ऐकत बसले.

घरी आल्यावर मी वहीत एक नवीन पान आखलं. एका बाजूला 'काय कमी केलं', दुसऱ्या बाजूला 'कुणी'. आठवेल तसं भरत गेले. फळं, दुधाची पिशवी, बस, दाढ, चष्मा, चेन, दुपारचं जेवण, दिवाळीची साडी, माहेरी जाणं. नऊ ओळी झाल्या आणि उजव्या बाजूला नऊ वेळा एकच नाव. आईने बराच वेळ ते पान बघितलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि दुपारच्या जेवणाची ओळ खोडली.

"हे नको लिहू," ती म्हणाली. "बाबा वाचतील."